पायरीवरचे बूट आणि पावणाईचं छप्पर

अल नहदा, शारजा
(बाहेर भट्टी, आत एसी, सर्दी दोन्हीकडे सारखीच)

तीर्थस्वरूप अण्णांच्या पायांशी धाकट्या सूर्यकांतचा साष्टांग नमस्कार. (छायाचाही. ती स्वयंपाकघरात लसूण सोलते आहे, पण ‘माझाही सांगा’ म्हणून आतून ओरडली, तेव्हा तो पोचला असं समजावं.)

इकडे आम्ही खुशाल आहोत. तिकडे तुमचे डोळे कसे आहेत? ऑपरेशननंतर लावायला मी पाठवलेला काळा चष्मा तुम्ही गुरवाला देऊन टाकलात आणि तो आता तोच लावून पूजा करतो, असं कळलं. त्याला शोभतो म्हणे. वहिनींचं ब्लडप्रेशर, परसातली सुपारी आणि शेजाऱ्यांशी चाललेलं बांधाचं भांडण ही तिन्ही जिथल्या तिथे असतील अशी आशा आहे. इथे सप्टेंबर संपत आला तरी गाडीचं स्टिअरिंग फडक्याने धरावं लागतं. अल नहदाहून हमरिया फ्री झोनला जाण्यायेण्यात माझा इतका वेळ जातो की ऑफिसातली खुर्ची मला केवळ हवापालटासाठी दिली आहे, असं छाया म्हणते. पण तब्येत उत्तम, साखर काबूत आणि मन प्रसन्न. या वयात आणि या उन्हात मन प्रसन्न कशाने, ते सांगायलाच हा कागद ओढला आहे.

पत्र तानुबाईच्या गणूबरोबर देतो आहे. तो दसऱ्यासाठी सुट्टीवर निघाला आहे आणि मुहैस्नाच्या कामगार कॅम्पवरून जाताजाता आमच्याकडे जेवून पत्र घेऊन जाईल. (सोबत खजूर, बाम आणि वहिनींसाठी दुधाची पावडर आहे. खजूर मोजून घ्या, गणूला विमानात भूक फार लागते.) फोन का केला नाही, असं तुम्ही विचाराल. फोनवर तुम्ही ‘हां, बोल बोल’ म्हणता आणि मी तोंड उघडायच्या आत ‘बरं, ठेवतो, बिल येईल’ म्हणून ठेवून देता. बिल मला येतं, अण्णा. आणि ग्रामस्थांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर लिहावं, तर तिथे काहीही लिहिलं तरी खाली नुसते जोडलेले हात उमटतात. मागे मी चुकून तिथे आमच्या कंपनीच्या बॅरलचा फोटो टाकला होता, त्यालाही लोकांनी हात जोडले. म्हणून कागद.

तुमचं पत्र आणि त्यासोबत आलेलं नव्या देवळाचं चित्र जूनमध्येच पोचलं. दसऱ्यानंतर पावणाईचं जुनं देऊळ उतरवायचं आणि त्या जागी काँक्रीटचं उभं करायचं, असा बेत तुम्ही कळवलात. चित्र रंगीत आणि सुबक आहे. उंच शिखर, दाराशी दोन सिंह, स्टीलचे कठडे, गाभाऱ्याला भिंतभर टाइल्स आणि सभामंडपाच्या कोपऱ्यात वॉशबेसिन. (सिंहांपैकी एकाचं तोंड आपल्या नानामामासारखं आहे, ते तेवढं दुरुस्त करून घ्या.) मुंबई मंडळाची संमती आली, आता फक्त आखाती मंडळाची राहिली आहे, असं तुम्ही लिहिलंत. आखाती मंडळ म्हणजे मी, गणू आणि कुवेतचा तो एक, जो कोणाच्याच पत्राला उत्तर देत नाही. शिवाय शिखराला आमच्या कंपनीतून सोनेरी रंग मिळेल का, हेही विचारलंत. अण्णा, आमची कंपनी जहाजांच्या बुडाला लावायचा रंग बनवते, समुद्रातले शिंपले चिकटू नयेत म्हणून. पावणाईच्या शिखराला शिंपल्यांपासून काही धोका असेल असं वाटत नाही. ते असो. पत्राला इतके महिने उत्तर दिलं नाही, कारण ते चित्र मला पुन्हा उघडून बघवेना. आपले ते काळे पडलेले लाकडी खांब, जांभ्याच्या भिंती, दुपारी तिथे टेकलं की पाठीला लागणारा गारवा, हे सगळं दसऱ्यानंतर नसणार, हे मला गिळवेना. पण तुमच्यासमोर ‘नको’ हा शब्द मी जन्मात उच्चारलेला नाही, तो एकदम कागदावर कसा उतरणार? तेव्हा आधी फ्रान्सचं सांगतो. देवळाचं शेवटी बघू.

आमची आभा तिकडे फ्रान्सच्या मध्यभागी एका विद्यापीठात ज्वालामुखींचा अभ्यास करते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (वहिनींना सांगा, तिथले ज्वालामुखी केव्हाच थंड झालेत. छायाने हे तीनतीनदा विचारून घेतल्यावरच पोरीला पाठवलं.) जुलैमध्ये आम्ही तिला भेटायला गेलो. माझ्या मनात होतं पॅरिस, तो मनोरा, त्यासमोर हात पसरून एक फोटो आणि खलास, परत. पण आभा म्हणाली, ‘बाबा, एव्हरीबडी डज पॅरिस.’ मग भाड्याची गाडी घेऊन तिने आम्हाला खेड्यापाड्यांतून हिंडवलं. गाडी चालवायचा आग्रह मी धरला. इतकी वर्षं एमिरेट्स रोडवर काढलेला माणूस मी, मला कसली भीती? पण आमच्याकडे रस्त्याला सहा-सहा पदर असतात आणि तिथे एकच. त्या एकाच्याही दोन्ही बाजूंना दगडी गडगे आणि समोरून गाईंचा कळप. मी सवयीने दिवे मारले. पुढची गाय थांबली, तिने मला नीट न्याहाळलं आणि ती तिथेच बसली. त्यानंतर गाडी आभाने चालवली.

त्या मुलखात हिंडताना एक गोष्ट ध्यानात आली. तिथे सगळं बंद असतं. दुपारी जेवायच्या वेळेला हॉटेलवाले स्वतः जेवायला जातात. दुकानवाला दुकान बंद करून दारासमोर खुर्ची टाकून बसतो आणि आपण गेलो की दुकान बंद असल्याचं आपुलकीने सांगतो. उघडं असतं ते एकच, चर्च. प्रत्येक गावात एक, आणि तेही जुनं म्हणजे किती जुनं? आपल्याकडे पणजोबांच्या मागचं कोणी सांगू शकत नाही, तिथे नऊशे वर्षांखालचं चर्च असलं तर आभा गाडीचा वेगही कमी करत नसे. भिंती काळ्या दगडाच्या. (ज्वालामुखीचाच दगड, आपल्या घाटावरचा तसाच, असं आभा म्हणाली, आणि पुढे इंग्रजीत बरंच म्हणाली.) आत गार, शांत, बसायला बाक आणि कोणी काही विचारत नाही. आमची न्याहारी, वामकुक्षी आणि नवराबायकोची भांडणं, तिन्ही त्या आठवड्यात चर्चमध्ये झाली. भांडणं अर्थात हळू आवाजात.

छायाचा नियम पहिल्या दिवशीच जाहीर झाला. देव कोणाचाही असो, देऊळ ते देऊळ, पायताण बाहेर. आभाने परोपरीने सांगून पाहिलं, ‘आई, नोबडी डज दॅट हियर.’ छाया म्हणाली, ते करत नसतील तर त्यांचं ते बघतील, मी देवासमोर चपला घालून उभी राहणार नाही. झालं, मलाही बूट काढावे लागले. आभाने काढले नाहीत. (हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.) तशा अनेक जागी नऊशे वर्षांच्या थंड फरशीवरून मी मोज्यांवर चाललो आणि दर संध्याकाळी मोजे धुऊन आभाच्या खिडकीत वाळत पडले. प्रदक्षिणेचंही तेच. चर्चला प्रदक्षिणेची वाट नसते हे छायाला मान्य नव्हतं. एका ठिकाणी तिने प्रदक्षिणा सुरू केली ती मागच्या बाजूला कोणाच्या तरी परसात शिरली आणि कोंबड्यांच्या खुराड्यामधून पलीकडे निघाली. बाईमाणूस ओट्यावर वाटाणे सोलत होतं. छायाने तिला नमस्कार केला, तिने छायाला वाटाणे दिले. दोघींचं पाच मिनिटं बोलणं झालं, एकमेकींचं अक्षर न कळता. मी मागे कोंबड्यांत उभा.

माझ्या हातूनही एक प्रमाद घडला तो सांगतो, म्हणजे सगळं छायावर ढकललं असं व्हायला नको. एका चर्चमध्ये दाराच्या आतल्या बाजूला जाडजूड दोर लोंबत होता. वर पाहिलं तर तो छपरातून आणखी वर गेलेला. माझा हात आपोआप वर गेला. देवळात शिरलं की घंटा वाजवायची, यात विचार कसला करायचा? मी ओढला. आपल्या पावणाईची घंटा कशी टण्ण करून गप्प बसते, तसं मला अपेक्षित होतं. इथे डोक्यावर असा काही घण पडला की खिडकीतली कबुतरं उडाली, छाया मट्कन बाकावर बसली आणि दोर मलाच घेऊन वर निघाला. बाहेर येऊन बघतो तर दारादारांतून माणसं बाहेर. म्हातारेकोतारे टोप्या काढून हातात धरलेले. त्या वेळेला ती घंटा गावात कोणी गेलं तरच वाजते, असं आभाने विचारून सांगितलं. आणि सगळे एकमेकांकडे बघत होते, कोण गेलं म्हणून, आपल्यातला कोणी कमी आहे का म्हणून. एक आजोबा तर स्वतःच्याच घराकडे निघाले होते, आपली बायको आहे ना ते बघायला. ती आली मागून काठी टेकत. मग जो हशा झाला! मला काही कळलं नाही, पण माझ्याकडे बोट दाखवून हसत होते एवढं कळलं, आणि आम्हाला जायच्या आधी घोटघोट कसलंसं गोड पेय पाजल्याशिवाय सोडलं नाही. अण्णा, आपल्या गावात परका माणूस असा घंटा बडवून गेला असता, तर तुम्ही त्याला प्यायला काय दिलं असतंत, हा विचार माझ्या मनात आलाच.

आता मुख्य गोष्ट. डोंगराच्या कुशीत एक गाव लागलं. त्याचं नाव मला अजून उच्चारता येत नाही, म्हणून लिहीत नाही. तिथलं चर्च मात्र कुलूपबंद होतं. किल्ली ओदिल नावाच्या आजीबाईंकडे, असं दारावर लिहिलेलं. गावच्या पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या, उंचीने छायाच्या खांद्याला लागतील एवढ्या, आणि चर्चची किल्ली मात्र त्यांच्या कोपराएवढी. त्यांनी दार उघडून दिलं, झालं की ओढून घ्या म्हणाल्या आणि लगबगीने गेल्या, कारण गावच्या सभागृहात जुन्या सामानाची विक्री चालू होती आणि त्या तिथल्या प्रमुख. आम्ही दोघांनी पायरीवर पायताणं काढली. छायाने तिच्या सवयीप्रमाणे जोड्या सरळ लावून ठेवल्या, माझ्या बुटांत मोज्यांची एक जादा जोडीही नीट घडी करून. आत एका कोनाड्यात काळ्या चेहऱ्याची देवी, मांडीवर मूल. खरी मूर्ती लाकडाची, फार जुनी, ती काचेआड. आणि बाहेर हात पोचेल अशी एक दगडी प्रतिमा, तीही काळीच. छायाने तिच्याकडे पाहिलं मात्र, आणि पदर नव्हता तरी ओढणी डोक्यावर घेतली. म्हणाली, अगं बाई, ही तर आपलीच. आभा म्हणाली, ‘आई, दॅट्स मेरी.’ छाया म्हणाली, नाव काही का असेना.

सावकाश बाहेर आलो, तर पायरी मोकळी! बूट नाहीत, सँडल नाहीत, मोज्यांची घडीही नाही. अण्णा, माझ्या तोंडचं पाणी पळालं. शारजात मॉलच्या नमाजाच्या खोलीबाहेर शेकडो जोडे पडलेले असतात, कधी कोणाचा जोडा हलत नाही, आणि इथे साऱ्या गावात चिटपाखरू नसताना आमचेच गेले. पायात बूट असलेली एकटी आभा, म्हणून शोधायला ती पळाली. (सांगितलं होतं, कामाला येईल.) आम्ही दोघं मोज्यांवर परत आत गेलो, कारण बाहेर फरशी तापलेली आणि आतली गार.

आणि मग छायाने काय केलं, ते तुम्ही गुरवाला सांगू नका. तिने दाराशी उगवलेली दोन रानफुलं खुडली, पाकळ्या बाटलीतल्या पाण्यात भिजवल्या आणि त्या दगडी देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक चिकटवली. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही, अगदी आपल्याकडे लावतात तसा कौल. लहानपणापासून माहेरच्या देवळात गुरवाच्या मागे उभं राहून तिने पाहिलेलं ना. मग हात जोडून मोठ्याने, शुद्ध मराठीत गाऱ्हाणं घातलं. बाई गं, आम्ही लांबून आलो, तुझ्या दारात आमची पायताणं गेली, ती मिळायची असतील तर उजवा दे. मी म्हटलं, अगं, तिला मराठी कुठून येणार? छाया म्हणाली, देवी आहे की नाही? मग कळतं तिला. आणि अण्णा, सांगायला हरकत नाही, मीही त्या उजव्या पाकळीकडे डोळे लावून बसलो. माझे बूट नवे होते. पाकळी सुटली, घसरली आणि पडली. उजवी! छायाने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही ती पाकळी तिने स्वतः घडवली होती.

त्याच क्षणी मागे दार वाजलं. आभा आणि तिच्यापाठोपाठ ओदिलबाई. बाईंनी देवीच्या खांद्यावरची दुसरी पाकळी पाहिली, आमचे मोजे पाहिले आणि त्या जागच्या जागी थांबल्या. माझी पाचावर धारण बसली. म्हटलं, आता पोलीस, मग दूतावास, आणि आमच्या एचआरला काय सांगायचं? आभा लालबुंद होऊन फ्रेंचमध्ये भराभरा समजावत होती, मध्येच तिने छायाचे हात उचलून उजवं-डावं करून दाखवलं. बाई ऐकत राहिल्या. ऐकताऐकता त्यांनी एकदम कपाळाला हात लावला आणि आमच्या मोज्यांकडे बोट दाखवून किंचाळल्या. झालं होतं असं की दर वर्षी लोक विकायचं सामान चर्चच्या पायरीवर आणून ठेवतात. तिथे दोन जोड नीट लावलेले, वर मोज्यांची घडी. बाईंना वाटलं, कोणा भल्या माणसाने दान केलं. त्यांनी ते उचलून सभागृहात विक्रीला मांडले होते.

आम्ही मोज्यांवरच धावलो. (आता पाऊल तापतं की नाही हे बघायला वेळ नव्हता.) सभागृहात जुन्या दिव्यांच्या आणि पेंढा भरलेल्या एका कोल्ह्याच्या मधोमध माझे बूट चिठ्ठी लावून ठेवलेले, आणि एक आडदांड शेतकरी त्यातल्या एकात पाय कोंबायचा जिवाच्या आकांताने प्रयत्न करतोय. पाय अर्धाच गेला होता, तो आता मागेही येईना. मी आणि आणखी दोघांनी मिळून त्याला खुर्चीवर बसवून बूट ओढून काढला. तो माझ्यावर रागावला नाही. उलट, फार सुंदर बूट, माझा पायच मोठा, असं हळहळून म्हणाला. छायाचे सँडल एका बाईने छातीशी धरलेले होते. ते परत देताना तिचा चेहरा इतका पडला की छायाने हातातल्या हिरव्या बांगड्यांपैकी दोन काढून तिच्या हातात चढवल्या. मग काय, टेबलामागच्या सगळ्या बाया हात पुढे करून उभ्या. छायाचे हात मोकळे झाले आणि आमचा जीव भांड्यात पडला.

ती सगळी विक्री कशासाठी होती, तर चर्चच्या छपरासाठी. छप्पर पातळ दगडी फरश्यांचं. हिवाळ्यात बर्फाने दर वर्षी काही फरश्या घसरतात, आणि गाव दर वर्षी दिवे, कोल्हे आणि बूट विकून त्या परत बसवतं. पाहुण्यांचे बूट विकायला काढल्याची भरपाई म्हणून ओदिलबाईंनी आम्हाला चर्चच्या बाकावर बसवून अक्रोडाचा केक दिला. केक खाऊन झाल्यावर, थोडं लाजून, त्यांनी छायाला खुणेने विचारलं, माझ्यासाठीही एकदा लावाल का? त्यांचा प्रश्न साधा होता. येत्या हिवाळ्यात छप्पर टिकेल का? छायाने पुन्हा पाकळ्या भिजवल्या. आम्ही वाट बघत बसलो. पडेनात. दोन्ही घट्ट. आभाने दोनदा घड्याळ पाहिलं. ओदिलबाई मात्र निवांत. म्हणाल्या, ही इथे नऊशे वर्षं आहे, तिला कसली घाई?

आणि अण्णा, तिथे बसल्याबसल्या मला तुमचं ते रंगीत चित्र आठवलं आणि राहवेना. मी आभाला म्हटलं, विचार त्यांना, एवढा दर वर्षीचा खटाटोप करण्यापेक्षा हे पाडून मजबूत स्लॅबचं नवीन का नाही बांधत? आभा म्हणाली, ‘बाबा, आय ॲम नॉट ट्रान्सलेटिंग दॅट.’ मी म्हटलं, कर, मला खरंच हवं आहे. मग तिने हळू आवाजात विचारलं, आणि आपल्या गावच्या देवळाचंही सांगितलं. मला वाटलं, बाई रागावतील. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पाकळ्या लावलेल्या त्या देवीकडे बघितलं आणि म्हणाल्या, तुमच्याकडे तर विचारायची सोयच आहे की. तिला विचारलंत का?

आई चातुर्मासात आपल्या सभामंडपात तांदूळ निवडत बसायची, छपराच्या एका फटीतून ऊन तिच्या ताटात पडायचं आणि ताट ती उन्हाबरोबर सरकवत न्यायची, ते डोळ्यांसमोर आलं. मला खूप बरं वाटत होतं आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम. आम्ही निघालो तेव्हाही दोन्ही पाकळ्या जागेवर होत्या. ओदिलबाई त्या काढणार नव्हत्या, बघू म्हणाल्या, काय म्हणते ती.

असा आमचा प्रवास झाला. पत्र लांबलं, तेव्हा आवरतं घेतो. देवळाच्या बाबतीत तुम्ही थोरले आहात, गावात तुम्ही राहता, तुम्ही ठरवाल ते मला मान्य आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि गुरवाला सांगा की चष्म्याची काच ओल्या हाताने पुसू नको.

तुमचा
सूर्यकांत

ता.क. सोनेरी रंग आमच्याकडे बनत नाही. लाल आणि काळा बनतो. लाल लावला तर देऊळ बोटीसारखं दिसेल.

ता.क. छायाने पत्र वाचलं. ‘मान्य आहे’ या शब्दांवर लसणीचं बोट ठेवून ती म्हणाली, एवढं फ्रान्स कशाला लिहिलंत मग? सरळ मनिऑर्डर करायची होती. तेव्हा ते दोन शब्द खोडलेत असं समजा. पेनाने खोडले असते, पण मग तुम्ही आधी तेच वाचले असते. मान्य नाही, अण्णा. लिहिलं एकदाचं. दसऱ्याला कौल लावणार आहात तो शिखर एक्कावन्न फूट की एकसष्ट, याचा. वॉशबेसिन उजव्या हाताला की डाव्या, हेही विचाराल. पण ज्या घरात ती पिढ्यान् पिढ्या राहिली, ते सोडायचं आहे का, हे कोणी पावणाईला विचारलेलंच नाही. माझी विनंती एवढीच. पहिला प्रश्न तो घाला. तिने उजवा दिला, तर पाडा, मी एक शब्द बोलणार नाही, सिंहांचंही काही म्हणणार नाही. डावा दिला, तर ते चित्र घडी करून कपाटात ठेवा. आणि गुरवाला म्हणावं, पाकळ्या लावताना चष्मा काढ.

ता.क. गणू जेवायला आला आहे. आमटीभात खाताखाता तो बोलून गेला की यंदा पावसाआधी देवळाच्या छपराचे मातीचे नळे बदलायला गावात एकही माणूस मिळाला नाही, सगळे मुंबईला नाहीतर इकडे. तुम्ही एकटेच वर चढलात आणि वहिनी दिवसभर खाली अंगणात उभ्या होत्या, घास न खाता. पाऊस तरी आत आलाच. हे तुम्ही मला लिहिलं नाहीत. तुम्ही सिंहांचं लिहिलंत, टाइल्सचं लिहिलंत, आणि हे नाही. गणूपुढे मला जेवण जाईना. आता कळलं मला, स्लॅब तुम्हाला कशासाठी हवा आहे. तुमच्या जागी मी असतो, तर कधीच पाडून मोकळा झालो असतो. दर वर्षी वैशाखात मला सुट्टी हवी, असा अर्ज मी आत्ताच फोनवरून पाठवला. आमचा मॅनेजर ‘इन्शाल्ला’ म्हणाला. (म्हणजे नाही. पण मी तिकीट काढणार आहे.) मला उंचावर गरगरतं, मी वर येणार नाही. वर चढायला बाहेरगावाहून माणूस आणीन, खालून नळे मी देईन, तुम्हाला वर चढू देणार नाही आणि वहिनींना वेळेवर जेवायला लावीन. देवळाचं काय ते पावणाईला विचारा. मी येतो आहे, त्यावर मात्र कौल लावू नका.